डाव संपल्यावरचा अर्धा तास

रविवारच्या जलद बुद्धिबळ स्पर्धेत एखादा डाव संपला की काय होतं ते जरा थांबून पाहा. दोन लेकरं हात मिळवतात, निकालाच्या चिठ्ठीवर सही करतात आणि उठतात. जिंकलेलं पळत बाहेर जातं, हरलेलं रेंगाळत. दाराशी उभे असलेले वडील एकच विचारतात, “काय झालं?” उत्तरही एका शब्दाचं असतं. मग पुढच्या फेरीच्या जोड्या लागेपर्यंत वडिलांच्या मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे ऑनलाइन डाव. आत्ताच ज्या डावात अर्धा तास डोकं शिणवलं, त्यावर कोणी एक वाक्य बोललेलं नसतं. जलद डावात खेळ्या लिहिण्याची सक्ती नसल्यामुळे उद्या बोलायचं म्हटलं तरी हाताशी कागद नसतो.

मराठवाड्यात स्पर्धा कमी, प्रशिक्षक कमी, ग्रँडमास्टर तर नुसता बघायलासुद्धा मिळत नाही, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. ती खोटी नाही. पण स्पर्धा वाढवून हे दुखणं बरं होईल असं वाटत नाही. खरी वानवा आहे ती डावाबद्दलच्या बोलण्याची. छत्रपती संभाजीनगरपासून धाराशिवपर्यंत आठही जिल्ह्यांत जे आयोजक बक्षिसांसाठी आणि चषकांसाठी दारोदार फिरून पैसे उभे करतात, त्यांनी त्याच पैशातला छोटा वाटा आणि त्याच दिवसातला अर्धा-अर्धा तास डावानंतरच्या चर्चेसाठी राखावा, आणि जिल्हा संघटनांनी स्पर्धेला मान्यता देताना ती अटच घालावी, एवढी माझी मागणी आहे.

ही गरज आपल्या भागाला जास्त का, तेही सांगतो. पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात वाढणाऱ्या मुलाला चांगला प्रशिक्षक शोधायला फार लांब जावं लागत नाही. डाव हरला तर तो मंगळवारी सरांपुढे मांडता येतो. हिंगोलीच्या किंवा अंबाजोगाईच्या मुलाला आपल्याहून दोनशे-तीनशे रेटिंगने (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याने) वरचा खेळाडू भेटतो तो बहुतेक वेळा स्पर्धेतच. त्याच्यासमोर बसून हरणं ही त्या मुलाची त्या महिन्यातली सगळ्यात मोठी शिकवणी असते. पण तिचा अर्धाच भाग त्याला मिळतो. वरचा खेळाडू काय खेळला ते पटावर दिसतं. त्याने काय पाहिलं होतं, कुठल्या खेळीला तो घाबरला होता, कुठली खेळी हातात घेऊन सोडून दिली, हे सगळं त्याच्या डोक्यात राहतं आणि तो संध्याकाळी नांदेडची गाडी पकडतो.

एक साधी स्थिती घेऊ. पट जवळ असेल तर मांडून बघा; अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी रांग. पांढऱ्याचा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर. काळ्याचा राजा ई७ वर. पटावर बाकी काहीच नाही. पांढरा प्यादं ई६ वर सरकवतो. काळ्या राजाला आता चार घरं मोकळी आहेत: डी८, ई८, एफ८ आणि एफ६. यातलं एकच घर डाव वाचवतं. ते म्हणजे ई८, सरळ मागे. मग पांढरा राजा डी६ वर आला की काळा डी८ वर जाऊन त्याच्या समोर उभा राहतो. प्यादं शह देत ई७ वर येतं, काळा ई८ वर सरकतो, आणि आता प्यादं राखायचं तर पांढऱ्याला राजा ई६ वर आणावाच लागतो. काळ्याला शह नाही आणि खेळीही नाही. स्टेलमेट, अर्धा गुण.

काळा आधीच डी८ वर गेला असता तर? पांढरा राजा डी६ वर येतो. काळा ई८ वर वळतो. प्यादं ई७ वर सरकतं, पण या वेळी शह न देता. काळ्याला एफ७ शिवाय घर उरत नाही, पांढरा राजा डी७ वर येतो आणि पुढच्या खेळीला वजीर होतो. प्यादं शह देत सातव्या रांगेत पोचलं तर बरोबरी, शह न देता पोचलं तर हार. फरक एका घराचा, तोही तीन खेळ्या आधी घेतलेल्या निर्णयाचा. हा डाव क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, रेटिंग स्पर्धेतला असेल तर त्याची किंमतही मोजता येते. अठरा वर्षांपर्यंतच्या आणि २३०० च्या आत रेटिंग असलेल्या खेळाडूचा के गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. बरोबरी आणि हार यांत अर्ध्या गुणाचा फरक, म्हणजे रेटिंगचे २० गुण गेले.

घरी येऊन हीच स्थिती इंजिनला, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला, दाखवली तर ते डी८ ला लाल खूण करतं आणि ई८ दाखवतं. मुलगा म्हणतो, “हां, ई८ होतं,” आणि पुढे जातो. तेच दोघं खेळाडू पटापाशी बसले तर प्रश्न निराळा निघतो. “डी८ का गेलास?” “तुझा राजा डी पट्टीवर होता ना, म्हणून समोर गेलो.” या उत्तरात सगळं आहे. राजाच्या समोर राजा आणायचा असतो हे त्या लेकराला माहीत आहे, पण अर्धवट. दोन राजांत एकच घर असताना समोर यायचं असतं, मधे दोन घरं असताना आपण समोर गेलो तर पुढचं पाऊल तो टाकतो आणि समोर येण्याचा मान त्याला मिळतो. इंजिनने चूक सांगितली. चुकीमागचा समज मात्र त्याला दिसला नाही, कारण त्याने कधी विचारलंच नाही. तो समज तसाच राहिला तर पुढच्या वेळी प्यादं सी पट्टीवर असेल, गाव दुसरं असेल आणि चूक हीच असेल.

राजा-प्याद्याचे डावशेवट म्हणजे बाळबोध काम, असं कोणाला वाटत असेल तर सिंगापूर आठवावं. १२ डिसेंबर २०२४ ला जगज्जेतेपदाच्या लढतीच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन याने ५५ व्या खेळीला हत्ती एफ२ वर नेला. गुकेशने आधी हत्ती मारून घेतला, मग कोपऱ्यात जाऊन बसलेल्या उंटाचीही अदलाबदल करायला भाग पाडलं. उरला तो राजा-प्याद्यांचा डावशेवट, आणि त्यात गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं. अठराव्या वर्षीचं जगज्जेतेपद तिथे ठरलं. त्या लढतीत डाव झाला की दोघंही पत्रकारांसमोर येऊन बसत आणि काय पाहिलं, काय नजरेतून सुटलं ते सांगत. हरलेलासुद्धा.

इंजिनविरुद्ध माझं काही नाही. स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे, लिचेस हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि ज्या गावात बुद्धिबळाचं पुस्तक मिळत नाही तिथे ही दोन्ही साधनं पोचली, हे केवढं मोठं काम झालं. पण ती कशासाठी वापरायची याचं भान सुटलं आहे. इंजिन स्थितीचा भाव प्याद्यांच्या हिशेबात सांगतं: अधिक ०.३ म्हणजे पांढरा एका प्याद्याच्या तिसऱ्या हिश्शाने बरा. हा आकडा ग्रँडमास्टरला काहीतरी सांगतो. १४०० च्या खेळाडूच्या डावात त्याला फारसा अर्थ नाही, कारण पाच खेळ्यांनी दोघांपैकी कोणाचा तरी घोडा बिनजोर (कोणाचं संरक्षण नसलेला) पडणार असतो. शिवाय इंजिनने सुचवलेल्या खेळीचा मुद्दा बऱ्याचदा आठ-दहा खेळ्या पुढे असतो. पटावर ज्याला तीन खेळ्या दिसतात त्याने ती खेळी पाठ करून उपयोग काय? इंजिन डावाला देतं त्या अचूकतेच्या टक्केवारीचं तर विचारूच नका. समोरच्याने विसाव्या खेळीच्या आत वजीर गमावला की उरलेला डाव कोणीही नीट खेळतो आणि टक्केवारी नव्वदीत जाते. पालक तो स्क्रीनशॉट नातेवाइकांना पाठवतात.

कोड्यांचंही तसंच. दिवसाला पन्नास कोडी सोडवणारी मुलं आता लातुरातही आहेत आणि जालन्यातही. बुद्धिबळातला हा लातूर पॅटर्नच म्हणायचा: प्रश्नसंच, वेळ लावून सराव, पुन्हा प्रश्नसंच. सरावाचं मोल कमी नाही, मूळ लातूर पॅटर्ननेही आपल्या भागातल्या हजारो घरांचे दिवस पालटले. पण कोडं सोडवणाऱ्याला एक गोष्ट आधीच कळलेली असते, की इथे जिंकणारी खेळी आहे. डावात हे कोणी कानात सांगत नाही. ‘आता थांबून पाहायला हवं’ हे कसं ओळखायचं, ते कोड्यांतून येत नाही. आपण कुठे थांबलो नाही हे समोरच्या खेळाडूच्या तोंडून ऐकलं की ते हळूहळू येतं. “तू उंट मागे घेतलास तेव्हा मी सुटलो, मला वाटलं तू एच७ वर मारणार.” असं एक वाक्य पन्नास कोड्यांना भारी पडतं.

ही काही नवी कल्पना नाही. माजी जगज्जेता मिखाईल बोटविनिकच्या शाळेत कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रॅमनिक यांच्यासारखी मुलं आली, आणि तिथला पायाच स्वतःच्या डावांचं स्वतः केलेलं विश्लेषण हा होता. ते विश्लेषण छापावं, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील, असा बोटविनिकचा आग्रह असे. चेन्नईत सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या ताल क्लबमध्ये भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल आरन यांच्या भोवती जी मंडळी जमत, त्यांत लहानगा विश्वनाथन आनंद होता. तिथे काही आलिशान सोय नव्हती. पट होते, घड्याळं होती आणि बोलणारी माणसं होती.

आपल्याकडे बोलणारी माणसं नाहीत असं कोण म्हणेल? गावच्या पारावर दोघं खेळायचे आणि आठ जण बोलायचे. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, डाव संथ उलगडायचा आणि बघ्यांना बोलायला सवड मिळायची. प्याद्याने दिलेली मात सगळ्यात मानाची, म्हणून प्यादेमात झाली की तिची चर्चा चार दिवस चाले. खेळ चालू असताना बोलणं आजच्या नियमांत बसत नाही आणि बसूही नये. पण बघ्यांची तोंडं बंद करताना आपण खेळाडूंचीही केली. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमानुसार डाव संपलेला खेळाडू त्या क्षणापासून प्रेक्षक ठरतो. पंच त्याला हॉलबाहेर काढतो, ते योग्यच. प्रश्न एवढाच की बाहेर काढून पाठवायचं कुठे? आपल्या बहुतेक स्पर्धांत याचं उत्तर ‘चहाच्या टपरीवर’ असं आहे.

तेव्हा पहिली गरज खोलीची. शाळेत स्पर्धा असेल तर एक वर्ग पुरतो. मंगल कार्यालयात वधूपक्षाची खोली असतेच. ३२ खेळाडूंच्या गटाला पाच पट पुरेत, कारण सगळे डाव एकदम संपत नाहीत. पट अक्षरं आणि आकडे छापलेले हवेत. गुंडाळीचे पट असतील तर कोपऱ्यांना चिमटे लावावेत, नाहीतर कडेचे हत्ती घसरतात आणि दर दोन मिनिटांनी स्थिती पुन्हा लावावी लागते. या खोलीत घड्याळ अजिबात ठेवू नये. घड्याळ दिसलं की पाच मिनिटांत तिथे झटपट डावांचा ब्लिट्झ सुरू होतो, आणि एकदा तो सुरू झाला की चर्चेला कोणी फिरकत नाही. खोली मुतारीच्या किंवा पाण्याच्या वाटेवर नको. ज्याचा डाव अजून चालू आहे असा खेळाडू तिथून जाता-येता स्वतःच्याच डावासारख्या स्थितीवर काही ऐकेल आणि मग तक्रार पंचापर्यंत जाईल.

खोली झाली तरी कागद नसेल तर सगळं हवेत. क्लासिकल स्पर्धेत खेळ्या लिहिणं बंधनकारक असतं, जलद आणि ब्लिट्झमध्ये नाही. परिणामी जी मुलं वर्षभर फक्त रविवारच्या जलद स्पर्धा खेळतात त्यांना लिहायची सवयच लागत नाही, आणि पहिल्या क्लासिकल स्पर्धेत ती निम्मं डोकं कागदावर घालवतात. रेटिंग नसलेल्या स्थानिक स्पर्धेत आयोजकाला आपली अट घालता येते. पहिल्या २५ खेळ्या लिहायच्या, पाचपेक्षा कमी मिनिटं उरली तर सोडून द्यायच्या, एवढी अट पुरे. त्यासाठी वेळही वाढवून द्यायला हवा, त्याचा हिशेब पुढे येतोच.

मुलांच्या कागदांत ठराविक चुका असतात. काळ्या बाजूने बसलेलं लेकरू डावीकडून ए, बी, सी मोजतं. त्याच्या डावीकडे एच असतो हे त्याच्या लक्षात राहत नाही, आणि आख्खा डाव आरशात पाहिल्यासारखा उलटा लिहिला जातो. दोन्ही घोडे डी२ वर येऊ शकत असताना कुठला आला ते लिहिलेलं नसतं. एखादी काळी खेळी राहून जाते आणि तिथून पुढे पांढऱ्याच्या रकान्यात काळ्याच्या खेळ्या. घोड्याला इंग्रजी के लिहिणं ही मराठी माध्यमातल्या मुलांची हमखास चूक. के राजाचा आणि एन घोड्याचा, हे पाठ होईपर्यंत गोंधळ चालतोच. खरं तर फिडेच्या नियमांत खेळाडूला आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं पहिलं अक्षर वापरायची मुभा आहे. व, ह, उ, घ असं लिहिलं तर कोणी बेकायदा म्हणणार नाही. संगणकात भरताना मात्र इंग्रजी अक्षरंच लागतात, म्हणून पुढे खेळायचं असेल त्याने ती शिकावीच. या सगळ्यावर एक सोपा उपाय आहे: हात मिळवल्यावर, पटावरून उठण्याआधी, दोघांनी कागद शेजारी-शेजारी ठेवून ताळा करायचा. दोन मिनिटं लागतात. आणखी एक सवय लावावी, दर पाच खेळ्यांनी घड्याळातली उरलेली मिनिटं बाजूला लिहायची. बाराव्या खेळीपर्यंत अर्धा वेळ संपला होता की चाळिसाव्या खेळीला सगळा शिल्लक होता, हे त्या आकड्यांवरून कळतं आणि चर्चा कुठून सुरू करायची तेही.

लिहायचं इंग्रजी अक्षरांत, पण बोलायचं आपल्या भाषेत. याबद्दल माझा थोडा हट्ट आहे. ऑनलाइन व्हिडिओ पाहून वाढलेलं लेकरू “पिन होती सर, मग फोर्क” एवढं सांगून थांबतं. नाव माहीत झालं की समजल्यासारखं वाटतं. त्यालाच विचारावं, ‘त्या घोड्याला जोर कशाचा होता?’ मग ते मोजू लागतं: एका प्याद्याचा आणि उंटाचा, उंट हलला असता तर एकाचाच. जोर, बिनजोर, शह, काटशह, सुटं प्यादं, कोंडलेला उंट, हे शब्द आजोबांच्या पिढीपासून घरात आहेत आणि ते नुसती नावं सांगून थांबत नाहीत, पटावर काय चाललंय ते दाखवतात.

चर्चा कशी करायची याचाही शिरस्ता हवा, नाहीतर जिंकलेला शिकवतो आणि हरलेला मान हलवतो. आधी पाच मिनिटं पाणी पिऊन यायचं. मग हरलेल्याने आधी बोलायचं. जिंकलेला आधी बोलला तर निकालाच्या उजेडात त्याची प्रत्येक खेळी शहाणी वाटू लागते, आणि हरलेल्याचा चांगला बेतसुद्धा चुकीत जमा होतो. पूर्ण डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून दाखवण्यात वेळ घालवू नये, त्यात पंधरा मिनिटं सुरुवातीच्या ओळखीच्या खेळ्यांतच जातात. तीन जागा निवडायच्या: जिथे पाठ असलेल्या खेळ्या संपल्या ती, जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला ती, आणि जिथे डाव पालटला असं दोघांपैकी एकाला वाटलं ती. या तिसऱ्या जागेबद्दल दोघांचं बहुधा जमत नाही, आणि तिथेच खरी मजा असते. एकाला वाटत असतं आपण विसाव्या खेळीला हरलो, दुसरा म्हणतो अठ्ठाविसाव्यापर्यंत मीच घाबरलेलो होतो.

प्रत्येक जागी ‘काय खेळायला हवं होतं’ च्या आधी ‘तुझ्या मनात काय होतं’ हा प्रश्न. मोहरे हलवून बघताना मूळ स्थिती हरवते आणि मग हत्ती एफवर होता की ईवर यावर वाद होतो. म्हणून शेजारच्या पटावर तीच स्थिती लावून ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. पाच पट सांगितले त्यातला एक यासाठीच. पालकांना बसू द्यावं, पण खुर्च्या भिंतीशी. खोलीत एक जाणता असावा, महाविद्यालयातला एखादा रेटिंगवाला खेळाडू चालेल. त्याने खेळी सांगायची नाही, नुसते प्रश्न विचारायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. चांगल्या खेळाडूची बोटं मोहऱ्याकडे आपोआप जातात, आणि त्याने एकदा उत्तर सांगितलं की दोन्ही लेकरं त्याच्याकडे बघत बसतात. मानधन द्यावं ते या तोंड बंद ठेवण्याचं.

मोबाइल शेवटी. आधी दोघांनी कागदावर प्रत्येक जागेचा निर्णय एका वाक्यात लिहायचा, सोबत एक पर्यायी खेळी. त्यानंतर इंजिन. म्हणजे इंजिन परीक्षक होतं, त्याच्याकडून पेपर लिहून घेतला जात नाही. आपलं वाक्य चुकलं तर का चुकलं हे शोधायला मन तयार असतं. वाक्यच नसेल तर इंजिनचा आकडा येतो आणि जातो. चर्चा झालेले डाव लिचेसवर साठवावेत. तिथल्या एका स्टडीत, म्हणजे डाव साठवायच्या वहीत, ६४ प्रकरणं बसतात, म्हणजे एका स्पर्धेतले निवडक डाव एका ठिकाणी सहज राहतात, शेजारी मुलांचीच वाक्यं मराठीत. सगळे डाव भरायचा उत्साह करू नये. ३२ खेळाडूंच्या पाच फेऱ्यांत ८० डाव होतात. एक डाव तपासून भरायला पाच मिनिटं धरली तरी जवळपास पावणेसात तास, आणि दुसऱ्या स्पर्धेपासून ते काम करायला कोणी मिळत नाही.

आता वेळेचा हिशेब, कारण आयोजकाची खरी अडचण इथे आहे. १५ मिनिटं अधिक खेळीला ५ सेकंद, सात फेऱ्या, हा आपला नेहमीचा साचा. ६० खेळ्यांचा डाव धरला तर दोघांची मिळून चाळीस मिनिटं, जोड्या लावायला पंधरा. सात फेऱ्यांचे साडेसहा तास होतात, जेवण धरून दिवस संपला. चर्चेला जागाच नाही. त्याऐवजी २५ मिनिटं अधिक १० सेकंद घ्यावं आणि पाच फेऱ्या. तेवढ्याच खेळ्यांचा जास्तीत जास्त सत्तर मिनिटांचा डाव आणि पुढच्या फेरीआधी तीस मिनिटं; एका फेरीला शंभर, पाच फेऱ्यांना पाचशे मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तासांहून थोडं जास्त. पण मुलांचे बहुतेक डाव सत्तर मिनिटं चालत नाहीत, आणि शेवटच्या फेरीनंतरचा अर्धा तास टेबलावर निकाल तयार होत असताना निघतो. प्रत्यक्षात सात-साडेसात तासांत भागतं. लिहायलाही वेळ मिळतो.

यावर पंच म्हणतील, पाच फेऱ्यांत शंभर जणांचा विजेता ठरत नाही. बरोबर आहे. स्विस पद्धतीत (कोणी बाद होत नाही, दर फेरीला सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात) सगळे डाव जिंकणारा एकच उरायचा तर पाच फेऱ्यांना ३२ खेळाडू ही मर्यादा, सात फेऱ्यांना १२८. म्हणूनच शंभर जणांची एक खुली स्पर्धा भरवण्यापेक्षा रेटिंगनुसार किंवा वयानुसार तीस-तीसचे तीन गट करावेत. आपल्याकडे एकाच खुल्या गटात पहिल्या फेरीला १८०० वाला सात वर्षांच्या पोराला बारा खेळ्यांत मात देतो, त्यात दोघांनाही काही मिळत नाही. गट केले तर पहिल्या फेरीपासून तोलामोलाचे डाव होतात, आणि ज्या डावात दोघांना काही समजत होतं अशाच डावावर बोलता येतं.

बक्षिसांचंही बघू. सात वर्षांखाली, नऊ वर्षांखाली, अकरा, तेरा, पंधरा, प्रत्येकात मुलं-मुली, प्रत्येकात पाच-पाच चषक. काही स्पर्धांत चषक इतके असतात की घेतला नाही असं लेकरू शोधावं लागतं. त्यातले दहा कमी करून त्या पैशात पट, मोहरे आणि खोलीतल्या जाणत्याचं मानधन सुटेल. हवं तर एकच नवं बक्षीस ठेवा: स्वतःच्या हरलेल्या डावावर सगळ्यात चांगलं अर्धं पान लिहिणाऱ्याला. हरलेल्याच, जिंकलेल्या नव्हे.

आक्षेप आणखीही येतात. ‘आपली तयारी प्रतिस्पर्ध्याला कळेल’ हा त्यातला सगळ्यात गमतीचा. जिथे सगळे डाव डेटाबेसमध्ये जातात तिथल्या ग्रँडमास्टरला ही काळजी शोभते. परभणीतल्या तेरा वर्षांखालच्या गटात लपवण्यासारखी तयारी फार तर आठ खेळ्यांची असते, तीही ज्या व्हिडिओतून घेतली तो समोरच्यानेही पाहिलेला. ‘चर्चा आम्ही क्लासमध्ये घेऊ’ असं प्रशिक्षक म्हणतात. त्यांनी घ्यावीच, पण क्लासमध्ये समोरचा खेळाडू नसतो, आणि निम्मा डाव त्याच्या डोक्यात असतो. ‘दोन १४०० वाले बोलून काय दिवे लावणार’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते चुकीचे निष्कर्ष काढतील, नक्की काढतील. म्हणून तर कागदावर वाक्य आणि शेवटी इंजिन. चुकीचा निष्कर्ष लिहून तपासला तर तो सुधारतो. न बोललेला निष्कर्ष डोक्यातच मुरतो.

राहिला प्रश्न शेवटच्या एसटीचा. धाराशिवहून आलेल्या कुटुंबाला संध्याकाळी सहाला निघायचंच असतं, त्यांना अर्धा तास थांबा म्हणणं सोपं नाही. पण वेळ खरंच कुठे जातो ते पाहावं. पत्रिकेवर पहिली फेरी साडेनऊची असते. पाहुणे अकराला येतात. मग दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, बुद्धिबळाने एकाग्रता वाढते यावर चार भाषणं, पाहुण्यांच्या हस्ते पहिल्या पटावरचं प्यादं ई४ वर, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा ई२ वर आणि पुन्हा ई४ वर. पहिली फेरी सुरू होईपर्यंत साडेअकरा, आणि लेकरं सकाळी पाचला उठून आलेली. दोन तास इथेच पडले आहेत. उद्घाटन न करता पहिली फेरी नऊला सुरू करावी आणि पाहुण्यांना दुपारी तीनची वेळ द्यावी. ते आले की त्यांना थेट चर्चेच्या खोलीत न्यावं आणि एखाद्या पटाशेजारी दहा मिनिटं बसवावं. फोटो तिथेच काढावा, आणि त्यांनी मोहऱ्याला हात लावू नये एवढं आधी सांगून ठेवावं.